डीएनएचे अर्धसंरक्षी प्रतिकृतीकरण

पेशी विभागण्यापूर्वी डीएनएच्या रेणूपासून तसेच दोन रेणू तयार होण्याची प्रक्रिया. मूळ रेणूचे दोन धागे सुटे होतात व प्रत्येकावर नवा पूरक धागा घडतो. त्यामुळे दोन्ही रेणूंत एक धागा जुना आणि एक नवा असतो. ॲडेनीनसमोर थायमीन व ग्वानीनसमोर सायटोसीनच बसते, म्हणून एका धाग्यावरून दुसऱ्याचा क्रम ठरतो.

वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्येच ही शक्यता मांडली. पुरावा मात्र नव्हता. मूळ रेणू अखंड राहून शेजारी पूर्ण नवा तयार होत असेल, किंवा जुने-नवे तुकडे प्रत्येक धाग्यात मिसळत असतील, असेही पर्याय होते. मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँकलिन स्टाल यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये केलेल्या, १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हा वाद मिटवला. जीवशास्त्रात इतके स्वच्छ उत्तर देणारे प्रयोग थोडेच आहेत. त्यांनी ई. कोलाय जीवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर (नायट्रोजन-१५) वाढवले, मग एकदम साध्या नायट्रोजनवर आणले. वेळोवेळी काढलेला डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात मिनिटाला सुमारे ४५,००० फेऱ्यांच्या वेगाने वीस तास फिरवला, की आपापल्या घनतेच्या पातळीवर त्याचा पट्टा स्थिरावे. अतिनील प्रकाशात त्याचे छायाचित्र घेतले जाई. एका पिढीनंतर जड आणि हलक्याच्या बरोबर मध्ये एकच पट्टा दिसला. मूळ रेणू अखंड राहिला असता तर दोन दिसले असते. दुसऱ्या पिढीत मधला पट्टा टिकला आणि तेवढाच हलका पट्टा उमटला. तुकड्यांच्या सरमिसळीने हे घडणे शक्य नव्हते.

प्रत्यक्षात हेलिकेज हे विकर धागे उलगडते आणि डीएनए पॉलिमरेज नवे घटक जोडते. पॉलिमरेज एकाच दिशेने काम करत असल्याने एक धागा सलग, तर दुसरा तुकड्यातुकड्यांनी बनतो. हे तुकडे ओकाझाकी दांपत्याच्या नावाने ओळखले जातात. लायगेज त्यांना सांधते.

जुना धागा टिकण्याचा फायदा दुरुस्तीतही होतो. ई. कोलायमध्ये जुन्या धाग्यावर मिथाइल गट असतात, नव्यावर ते थोड्या वेळाने बसतात. तेवढ्या अवधीत दुरुस्ती करणारी प्रथिने चुकीची जोडी हेरतात आणि जुना धागा प्रमाण मानून नव्यातला चुकलेला भाग कापून पुन्हा भरतात. यानंतर सुमारे एक अब्ज घटकांमागे एखादीच चूक उरते.