घाटाचा राजा

माझ्या आबांच्या तरुणपणी चऱ्होली हे इंद्रायणीकाठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. 1997 साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेतांत इमारती उभ्या राहिल्या. पण जत्रा जवळ आली की आबांच्या तोंडी बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळण्याचा मार्गच असे. मागे दोन, पुढे दोन बैल, त्यांच्यापुढे घोडी आणि छातीवर येणारा चढ. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-बारा सेकंदांत संपायची.

घड्याळवाला तेव्हा पूर्ण सेकंदच पुकारायचा, असं आबा सांगत. एकाच सेकंदात आलेल्या सगळ्या गाड्यांचा नंबर एक, बक्षीस विभागून. भंडाऱ्यानं माखलेले चार मालक सारख्याच मानानं घरी जात. पुढे डिजिटल घड्याळ आलं आणि सेकंदाचे शंभर भाग झाले. आता ‘घाटाचा राजा’ एकच. सकाळच्या बारीला झालेला राजा दुपारच्या एका बारीनं पायउतार होतो आणि फायनलला अख्खा घाट श्वास रोखून धरतो.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. दावणीचे बैल विकले गेले. आबा मात्र न्यायालयावर चिडले नाहीत. “चाबूक आणि खिळा हातात घेणाऱ्यांनीच ही वेळ आणली,” एवढंच म्हणाले.

2021 चा डिसेंबर मला लख्ख आठवतो. 5 तारखेला फॉर्म्युला वनची जेद्दाहची शर्यत हॅमिल्टननं जिंकली आणि त्याचे व वर्स्टॅपनचे गुण सारखे झाले, 369.5. हॅमिल्टन तेव्हा मर्सिडीजचा आणि मर्सिडीजचा कारखाना आपल्या चाकणला, म्हणून घरातली पोरं हॅमिल्टनच्या बाजूची. “मग नंबर विभागून का?” आबांनी विचारलं. नव्हता. 12 तारखेला अबू धाबीत, अगदी शेवटच्या फेरीत, वर्स्टॅपन पुढे गेला. त्यानंतर चारच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं या शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला.

लढत अटीतटीची झाली की मीही उठून उभा राहतो. पण शंभराव्या भागासाठी इंजिन पिळता येतं, बैल नाही. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना नियमानं बंदी आहे. ती मोडणारी बारी सगळ्यात वेगवान असली तरी पंचांनी तिथल्या तिथे बाद करावी. घाटाचा राजा मालक नव्हे, बैल असतो, आणि आपल्या दमानं पळाला तरच तो राजा.