आईचा वाढदिवस कधी?



माझे वाढदिवस दोन आहेत. एक श्रावण शुद्ध षष्ठीला, म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. तो आईने लक्षात ठेवलेला. दुसरा १ जूनला. तो शाळेतल्या गुरुजींनी दिलेला. मी पानशेतच्या साली जन्मले. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, आणि ती बातमी कल्याणला आली तेव्हा आईचे दिवस भरत आले होते, असं घरात सगळे सांगतात. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९६१. म्हणजे सरकारी हिशेबाने पुराच्या आधीच मी पाळण्यात होते! बी.कॉम.च्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर, बँकेत हीच तारीख चालत आली.

तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्या किती जणींचा ‘वाढदिवस’ १ जूनला येतो? माझ्या ओळखीत सात-आठ जणी तरी निघतील. शाळा जूनमध्ये उघडायची. मुलाचं नाव घालायला गेलेले वडील “सहावं लागलंय” एवढंच सांगायचे आणि गुरुजी मागे मोजून १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात हे इतक्या घरांत झालं की ३१ मे हा सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांचा दिवसच होऊन बसला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, असा नियम आहे ना, म्हणून.

आपल्याला निदान दोन वाढदिवस तरी आहेत. आपल्या आयांचं काय?

भावाच्या मुलांनी ठरवलं की आजीची नव्वदी करायची. हॉल बघितला, जेवण ठरवलं, सूर्यास्ताच्या आत पंगत उठेल अशी वेळही काढली. मग हॉलवाल्याने विचारलं, तारीख कोणती? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आधार कार्डावर १ जानेवारी १९४० आहे. ज्यांना फक्त वय सांगता येतं, तारीख नाही, त्यांच्या कार्डावर अशी १ जानेवारी पडते. पण १९४० धरलं तर नव्वदीला अजून काही वर्षं आहेत. आणि आई म्हणते, “मी एवढी लहान नाही गं.”

मग मी माळ्यावरून फोटोंची पेटी खाली काढली.

पेटीत काय सापडलं ते सांगण्याआधी, हा घोळ का झाला ते सांगायला हवं. जन्माची नोंद करण्याचा कायदा इंग्रजांनी १८८६ साली केला होता, पण ती नोंद ज्याच्या त्याच्या मर्जीवर होती. सक्तीचा कायदा आला तो १९६९ चा. त्याआधी मुलगा झाला तर पत्रिका व्हायची, दुकानाच्या वहीत तिथी टिपली जायची. मुलीची पत्रिका झालीच तर लग्न ठरण्यापुरती, पुढे ती कुठे जायची कोण जाणे. मुलीचं वय किती हा प्रश्न सरकारने जोरात विचारला तो शारदा कायद्याने. कायदा झाला १९२९ ला, लागू झाला १ एप्रिल १९३० पासून. मुलगी चौदा वर्षांची आणि मुलगा अठरा वर्षांचा झाल्याशिवाय लग्न करता येणार नव्हतं. त्या तारखेच्या आत उरकून घ्यावं म्हणून देशभर लग्नांची एकच घाई उडाली. माझ्या वडिलांची आई त्याच घाईत बोहल्यावर चढली. तेव्हा ती आठ वर्षांची होती की दहा, हे तिलाही शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. ज्या मुलीची जन्मतारीखच कुठे लिहिलेली नाही, तिचं वय कायद्याला तरी कोण दाखवणार!

या बायकांचं पंचांग वेगळंच होतं. प्लेगच्या साली, मानमोडीच्या साथीत, गोदीचा स्फोट झाला तेव्हा, गांधीजी गेले तेव्हा. माझी धाकटी बहीण ‘कोयनेच्या भूकंपाला सव्वा महिन्याची’ होती. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. त्यावरून तिची तारीख अगदी चोख निघते. १९४४ चा गोदीतला स्फोट आईला आठवतो. फळीवरची भांडी वाजली आणि तिने धाकट्या भावाला कडेवर उचललं, असं ती सांगते. चार वर्षांची पोर भावाला कडेवर उचलते का? मी तिथेच आधार कार्डावर काट मारली.

आता फोटो. आमच्या काकांकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यात १२० चा रोल बसायचा, बारा फोटो निघायचे. ते बारा फोटो वर्षभर पुरवायचे. वाढदिवसाला एक, फार तर दोन. फ्लॅश नव्हता, म्हणून फोटो उन्हातच काढावा लागायचा. आमच्याकडे चौविहार असल्याने गोडधोड जेवणही उजेडातच व्हायचं. त्यामुळे पारनाक्याच्या वाड्यातला आमचा प्रत्येक वाढदिवस दुपारी चार वाजता, अंगणात, डोळे बारीक केलेल्या मुलांसह साजरा झालेला दिसतो. पाट, पाटाभोवती रांगोळी, मुलाच्या अंगावर नवा सदरा, तोही एक माप मोठा, म्हणजे पुढच्या वर्षी चालेल. सकाळी तेल-उटण्याची अंघोळ, मंदिर, आल्यावर वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, मग औक्षण. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता.

केकचा फोटो एकच आहे, १९७४ च्या सुमाराचा. तोही खरा केक नव्हे. बेकरीतल्या केकमध्ये अंडं, म्हणून आईने शिरा मोठ्या वाडग्यात दाबून त्याची मूद पाडली, वर टूटीफ्रूटी लावली. शेजारच्या मुलीने हौसेने मेणबत्ती आणली. आजी म्हणाली, “वाढदिवसाला दिवा लावतात की विझवतात?” मेणबत्ती शेवटपर्यंत जळत राहिली आणि तिचं मेण शिऱ्यावर सांडलं. तेवढा शिरा बाजूला काढून बाकीचा आम्ही फस्त केला. हल्ली अंडं नसलेला केक गल्लोगल्ली मिळतो, मेणबत्तीही सर्रास फुंकतात. मला अजून ते बघवत नाही.

या सगळ्या फोटोंत एक गोष्ट मला एवढ्या वर्षांत कधी खटकली नव्हती. काळ्या पानांच्या अल्बममध्ये आम्हा भावंडांच्या वाढदिवसांचे सतरा फोटो आहेत, चारी कोपरे चिकटवलेले, मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. सतरापैकी अकरा फोटोंत आई आहे, पण फक्त हात. तबक धरलेला, दोन पाटल्या आणि मधे काचेच्या बांगड्या असलेला हात. फोटोची चौकट तिच्या कोपराशी संपते. उरलेल्या सहांत तोही नाही. ती बहुतेक आत पुऱ्या तळत असणार. तिच्या स्वतःच्या वाढदिवसाचा फोटो तर नाहीच, कारण तो झालाच नाही.

गंमत अशी की तारखांच्या बाबतीत घरात तिच्याएवढं पक्कं कोणी नव्हतं. १९७३ ला कालनिर्णय निघालं आणि तिथी व तारीख एकाच चौकोनात शेजारी शेजारी बसल्या. तेव्हापासून नवं कॅलेंडर आलं की ती पेन्सिल घेऊन बसायची आणि सगळ्यांच्या तिथ्यांवर गोल करायची. साधारण दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं; ते तिला भावामुळे कळलं. तो १९६६ च्या अधिक श्रावणातला. अधिक महिन्यात जन्मलेल्याचा वाढदिवस निज महिन्यात करतात. पण १९८५, २००४ आणि २०२३ ला पुन्हा अधिक श्रावण आला तेव्हा आईने भावाला फोन करून सांगितलं, “या वर्षी तुझा खरा वाढदिवस आहे.” म्हणजे सत्तावन्न वर्षांत त्याचे खरे वाढदिवस मोजकेच! कॅलेंडरवरच्या गोलांत आईच्या स्वतःच्या नावाचा गोल मात्र एकाही वर्षी नाही.

कल्याणचीच एक मुलगी आहे जिची जन्मतारीखही आपल्याला माहीत आहे आणि फोटोही. आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ ला कल्याणला जन्मली, माहेरचं नाव यमुना, नवव्या वर्षी लग्न. १० ऑक्टोबर १८८५ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचा दोन मैत्रिणींबरोबर फोटो निघाला. एक जपानची केई ओकामी, दुसरी सीरियाची साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पुढच्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, बाविसाव्या वर्षी. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. मी परवा पुन्हा पाहिला तो वेगळ्याच कारणासाठी. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. नावं चुकतमाकत आहेत, पण आहेत. कोणी तरी तेव्हाच बसून ती लिहिली, म्हणून आज त्या तिघी आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. त्याच वर्षी आमच्या गल्लीत जन्मलेल्या, मेलेल्या बाकीच्या मुलींचं काहीच नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. आगगाडीचा वाढदिवस माहीत, आजीचा नाही.

पेटीच्या तळाशी आईच्या माहेरचा एक मोठा फोटो निघाला, जाड पुठ्ठ्यावर लावलेला, स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि जिना. आईचे वडील मधे खुर्चीवर, दोन्ही बाजूंना बायका, पुढे जमिनीवर मुलं. पुठ्ठ्यामागे शाईने लिहिलंय, ‘शके १८६४, चैत्र’. म्हणजे १९४२ चा मार्च-एप्रिल. पुढच्या ओळीत परकर-पोलक्यातली, ओठ घट्ट मिटलेली मुलगी म्हणजे आई.

“तोंड एवढं का मिटलंयस?” मी विचारलं.

“दात पडले होते ना पुढचे. फोटोवाला म्हणाला, हसू नको. मला त्या दिवशी खूप हसायला येत होतं.”

पुढचे दात पडतात सहाव्या-सातव्या वर्षी. १९४२ तून सहा-सात वजा करा. १९३५ किंवा १९३६. आधार कार्डाच्या हिशेबाने ती त्या फोटोत दोन वर्षांची असायला हवी होती. कॉमर्सवाल्या बाईला ताळेबंद जुळला की जे बरं वाटतं ते मला त्या दुपारी वाटलं.

तिथी मिळाली डोंबिवलीच्या मावशीकडून. ती आईहून पाच वर्षांनी मोठी, कानाने कमी, पण स्मरणशक्ती खणखणीत. फोनवर ओरडून विचारलं तेव्हा म्हणाली, “घरात उसाचा रस काढला होता. आजीचं वर्षीतपाचं पारणं होतं. सगळे रस वाढायला बाहेर, आणि आत ही झाली. आजी म्हणाली, पारण्याला लक्ष्मी आली.” वर्षीतपाचं पारणं म्हणजे अक्षय्य तृतीया, यात शंका घ्यायला जागाच नाही. आपण महावीरांची चैत्र शुद्ध त्रयोदशी अडीच हजारांहून अधिक वर्षं जपली. घरातली वैशाख शुद्ध तृतीया मात्र नव्वद वर्षांत एका म्हातारीच्या डोक्यात तेवढी उरली होती, आणि तीही उसाच्या रसामुळे.

साल कुठलं धरायचं यावर मुलांनी १९३६ ला कौल दिला, कारण मग पुढच्या अक्षय्य तृतीयेला नव्वद पुरी होतात. आई म्हणाली, “कुठलंही धरा, रस मात्र काढा.”

फोटोंबद्दल अनुभवाचं थोडं सांगते. १९४२ चा काळा-पांढरा फोटो आजही स्वच्छ आहे. माझ्या लग्नातले रंगीत फोटो मात्र लालसर पडलेत. त्या काळच्या रंगीत कागदातला निळा रंग आधी उडतो. सगळ्यात वाईट ते नंतरचे चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम. त्यांचा गोंद फोटोला खातो. त्यातले फोटो आधी सोडवा. ओढू नका, पाठीमागून बारीक दोरा फिरवा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. मोबाइलमध्ये फोटो काढून ग्रुपवर टाकणं ठीक आहे, पण त्यात कोण कोण आहे ते तिथे कोणी लिहीत नाही, नुसते हात जोडलेले येतात.

सध्या रोज दुपारी मी आईजवळ तो मोठा फोटो घेऊन बसते. ती बोट ठेवते, मी लिहिते. पुरुषांची नावं आडनावासकट पटापट येतात. बायकांची येतात ती अशी: अक्का, वहिनी, मोठी काकी. अक्काचं माहेरचं नाव तिने आठवून सांगितलं, सासरचंही. वहिनीचं सासरचं तेवढं आठवलं. मोठी काकी फोटोत आजोबांच्या उजव्या हाताला उभी आहे, नऊवारी, नाकात मोठी नथ, मांडीवर नाही पण हाताशी एक मूल. आईला तिने न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, गोष्टी सांगितल्या.

“नाव काय गं तिचं?”

आई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. “काकीच म्हणायचो आम्ही,” म्हणाली.

मी ‘मोठी काकी’ लिहून पुढे जागा सोडली आहे. रविवारी डोंबिवलीला मावशीकडे जायचं आहे, फोटो बरोबर घेऊन.