वधूची पूर्वतयारी : हळदीपासून मेकअपपर्यंत



आज आपण अशा विषयाकडे वळतो आहोत, ज्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा जागा मिळत नाही. लग्नाआधी नवरीची जी तयारी केली जाते, तो आपला विषय. आजच्या भाषेत ब्रायडल मेकअपची पूर्वतयारी. दोन-तीन महिने आधी पार्लर ठरतं, ट्रायल होते, फेशियलचं वेळापत्रक लागतं. हे सगळं बाजाराने आणलेलं नवं खूळ आहे, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तयारी फार जुनी आहे. बदललं आहे ते दुसरंच काही. म्हणून आपण दोनच प्रश्न धरून पुढे जाऊ : ही तयारी कोणाच्या हातांनी होते, आणि कोणाच्या नजरेसाठी?

सुरुवात कालिदासापासून करू. ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात पार्वतीच्या लग्नाची तयारी आहे, आणि ती चांगली तपशीलवार आहे. आधी अंगाला तेल, मग लोध्राची पूड लावून ते तेल काढणं, मग स्नान, धुपाच्या धुरावर केस सुकवणं, अंगावर अगुरू आणि गोरोचनाची नक्षी, पायांना अळता. आजच्या भाषेत सांगायचं तर आधी त्वचा, मग केस, मग रंग. हा क्रम आजही तोच आहे. अळता लावणारी सखी पार्वतीची थट्टा करते आणि पार्वती काही न बोलता तिला हातातली माळ मारते. आई मेना हातात मंगलसूत्र नव्हे, लोकरीचं कौतुकसूत्र बांधायला बसते. पण डोळे भरून आल्यामुळे ते भलत्याच ठिकाणी बांधलं जातं, आणि दाई ते बोटांनी सरकवून नीट करते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ही तयारी घरातल्या बायकांच्या हातांनी होते.

दुसऱ्या प्रश्नावर कालिदास एक सूक्ष्म गोष्ट सांगून जातो. पार्वतीच्या डोळ्यांत काजळ घातलं ते डोळे सुंदर दिसावेत म्हणून नव्हे, तर काजळ मंगल असतं म्हणून. इथे सुंदर आणि मंगल अशा दोन वेगळ्या कोटी झाल्या. जे सुंदर ते पाहणाऱ्यावर अवलंबून असतं. जे मंगल ते विधीवर, प्रसंगावर. कोणी पाहिलं नाही तरी मंगल हे मंगलच राहतं. पण कालिदास एवढ्यावर थांबत नाही. पार्वती आरशात पाहते आणि शंकराकडे जायला उतावीळ होते. प्रिय माणसाने पाहावं यातच वेशभूषेचं फळ, असं तो म्हणतो. दोन्ही गोष्टी त्याला मान्य आहेत. मात्र पाहणारा एक आहे, आणि तो तिचा आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. घाणा भरताना मुसळांना आंब्याची पानं बांधून सवाष्णी हळकुंडं कुटतात, जात्यावरच्या ओव्या होतात. हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि उरलेली, म्हणजे उष्टी हळद, नवरीकडे जाते. एकाच वाटीतली हळद दोघांच्या अंगाला. कासार येऊन हिरवा चुडा भरतो. मुंडावळ्या दोघांनाही बांधल्या जातात. नीट पाहिलं तर यात लपवण्याचं काही नाही. हळदीचा पिवळेपणा दिसावा म्हणूनच ती लावतात. हळदीच्या अंगाने घराबाहेर पडू नये असं म्हणायचे, कारण त्या दोन दिवसांत ते माणूस वेगळ्या अवस्थेत आहे, हे सगळ्यांना कळत असे.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायची सोय नाही. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपलीच आहे. ती उतावळेपणाची चेष्टा करते हे खरं, पण गोरं होण्याची इच्छा गृहीत धरूनच करते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एकोणिसाव्या शतकात ज्या नवरीला हळद लागत होती ती अनेकदा आठ-दहा वर्षांची असे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात दावा लावला, तेव्हा कुठे त्यांची नापसंती समाजाला ऐकू गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं किमान वय १४ केलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. आपल्याला कसं दिसायचं आहे हे सांगणारी नवरी, ही या बदलातून आली. बाहुलीसारखी सजवली जाणारी पोर आणि आरशासमोर बसून ‘हा रंग नको’ म्हणणारी बाई, यांतलं अंतर आपण लहान मानू नये.

विसाव्या शतकात घरचं उटणं मागे पडून बाटली आणि डबी आली. मुंबईत पाटणवालांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ काढलं, टाटांनी १९५२ मध्ये ‘लॅक्मे’. आणि त्याच सुमारास कॅमेरा लग्नघरात शिरला. गंमत अशी, की छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. पिवळा आणि लाल त्यांवर काळपट उमटत. म्हणजे हळद आणि कुंकू, आपले दोन्ही मंगल रंग, कॅमेऱ्याला काळेच दिसत होते! पुढे कॅमेरा सुधारला, पण त्याच्यासाठी चेहरा तयार करण्याची रीत कायम राहिली. आता पाहणारा एक उरला नाही. फोटो कोण, कधी, किती वेळा पाहील हे कोणालाच माहीत नाही. अनोळखी नजरेसाठी तयारी करायची, तर ती कधी पुरी होणार?

या न संपणाऱ्या तयारीवरच गोरेपणाचा धंदा उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ गेलं. नाव बदललं, पण ‘मुलगी उजळ हवी’ हे वाक्य बैठकीत अजून ऐकू येतं. त्याची किंमत शरीर मोजतं. त्वचा झटपट उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. केरळातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण अलीकडेच नोंदवले आहेत. पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता कराराने अशा प्रसाधनांतल्या पाऱ्याला दहा लाखांत एक भाग एवढी मर्यादा घातली. कोणी म्हणेल, मेनेने लेकीला टिळा लावला तोही हरताळ आणि मनःशिळेचा, म्हणजे आर्सेनिकचाच. खरं आहे. पण तो एका दिवसाचा, एक टिळा होता. रोज रात्री चेहराभर चोळायचं मलम नव्हतं.

मग करायचं काय? मेकअप नको, असं आपण म्हणत नाही. साधी पथ्यं आहेत. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे काही करायचं तर दीड-दोन महिने आधी. नवं क्रीम किंवा मेंदी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते तिच्यात केसांच्या कलपाचं रसायन असू शकतं, ती टाळावी. शेवटच्या आठवड्यात नवा प्रयोग नको. आठवड्यात गोरं करतो म्हणणारी, घटकद्रव्यं न छापलेली डबी घरात आणू नये.

आणि एक पथ्य घरच्यांसाठी. ट्रायलच्या दिवशी मुलगी आरशात पाहते तेव्हा मागे उभ्या असलेल्या मावशी-आत्यांनी आधी गप्प राहावं. ‘तुला तू वाटतेस का?’ एवढंच विचारावं. ‘नाही’ म्हणाली तर तोंड धुऊन पुन्हा सुरुवात करायला वेळ असतो. पूर्वतयारी लग्नाच्या आधी करतात ती याचसाठी.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.