एकट्याचा आवाज, चौघांचे श्रोते

२९ एप्रिल १९८५ रोजी फ्रेडी मर्क्युरीचा 'मिस्टर बॅड गाय' हा पहिला स्वतंत्र अल्बम बाजारात आला. ब्रिटनच्या विक्रीयादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. अमेरिकेत मात्र १५९ च्या पुढे सरकला नाही. एवढ्यावरून 'फसलेला प्रयोग' असा शिक्का मारून हा विषय बहुधा मिटवला जातो. मला तो निकाल घाईचा वाटतो. याच अल्बममधली गाणी पुढे नव्या रूपांत श्रोत्यांपुढे आली आणि कौल पार बदलला. आपल्याकडे नाट्यपद तेच राहते आणि गायक बदलतो. इथे गायक तोच राहिला, साथ बदलली. मग श्रोते दर वेळी मत देत होते ते कशावर?

झांजिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 'हेक्टिक्स' या वाद्यवृंदात पियानो वाजवणारा फारुख बलसारा १९८५ साली नवखा नव्हता. 'क्वीन'चा पहिला अल्बम १९७३ चा. म्हणजे बारा वर्षांची पुण्याई गाठीशी होती. परंतु ती चौघांची होती. ब्रायन मेची गिटार आणि मे, मर्क्युरी व रॉजर टेलर यांचे एकावर एक चढवलेले आवाज ही क्वीनची ओळख. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत राइनहोल्ड माक यांच्या सहनिर्मितीत झालेल्या या अल्बममध्ये अकराही गाणी मर्क्युरीची, पुढे सिंथेसायझर आणि नृत्याचा ठेका, मधेच रेगे, शीर्षकगीताला ऑर्केस्ट्रा. रॉकच्या चाहत्यांना हे खटकण्यासारखेच होते. १९८२ च्या 'हॉट स्पेस'मध्ये क्वीन नृत्यसंगीताकडे वळली, तेव्हाच त्यांची नाराजी सुरू झाली होती.

अमेरिकेतला आकडा एकटा वाचू नये. तिथे 'द गेम' (१९८०) पहिल्या क्रमांकावर, 'हॉट स्पेस' बाविसाव्या, तर 'द वर्क्स' (१९८४) तेविसाव्या. म्हणजे उतरण आधीच लागली होती. तरीही २३ वरून १५९ ही घसरण क्वीनच्या खात्यावर टाकता येत नाही. ती एकट्या गायकाचीच.

ब्रिटनमधली एकल गाणी तर आणखी बोलकी आहेत. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' अकराव्या क्रमांकावर गेले. त्यानंतरची तीन गाणी अनुक्रमे ५७, ५० आणि ७६ वर अडली. मी याचा अर्थ असा लावतो की, निष्ठावंतांनी अल्बम आवर्जून घेतला, पण वाटेने जाणारा श्रोता थांबला नाही. याला मधल्या एका घटनेने पुष्टी मिळते. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीवर 'लाइव्ह एड'मध्ये क्वीनने सुमारे वीस मिनिटांत मैदान जिंकले. त्या मंचावर मर्क्युरीने स्वतःच्या अल्बममधले एकही गाणे घेतले नाही. 'लिव्हिंग ऑन माय ओन' आले सप्टेंबरमध्ये, म्हणजे त्या जल्लोषानंतर. आणि थांबले पन्नासावर. जे कौतुक झाले ते चौघांचे, एकट्याच्या वाट्याला ते आले नाही.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेला. १९९३ मध्ये तेच 'लिव्हिंग ऑन माय ओन' नव्या, वेगवान ठेक्यावर बसवून आले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. हा शोकाचा परिणाम, असे कोणी म्हणेल. तो नव्हताच असे मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी आधी पुन्हा काढलेले त्याचे 'द ग्रेट प्रिटेंडर' २९ वर राहिले होते. नुसता शोक पुरेसा असता, तर तेही वर गेले असते. फरक पडला तो नृत्यगृहात. युरोपातल्या तरुणांना तोवर यांत्रिक ठेका घरचा झाला होता. १९८५ मध्ये जो दोष मानला गेला, तोच इथे गुण ठरला.

दोनच वर्षांनी नेमके उलटे घडले. १९९५ च्या 'मेड इन हेवन'साठी मे, टेलर आणि जॉन डीकन यांनी जुन्या अल्बममधली दोन गाणी निवडली, आवाज ठेवला आणि भोवती क्वीनची वाद्ये उभी केली. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे २००४ मध्ये जपानच्या 'प्राइड' या दूरचित्रवाणी मालिकेने 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' घरोघरी नेले, आणि क्वीनचा गाण्यांचा संग्रह तिथल्या यादीत अव्वल ठरला.

विक्रीयादी खरेदी मोजते, ऐकणे मोजत नाही. मित्राकडून कॅसेट भरून घेणारा श्रोता कुठल्याच यादीत नसतो. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. श्रोता गाणे ऐकताना स्वतःची अपेक्षाही ऐकत असतो. रॉकवाल्यांना गिटार हवी होती, नाचणाऱ्यांना ठेका; दोघांनाही आपापले मिळाले तेव्हा आवाज आवडला. मात्र दोन्ही वेळा गायकाला विचारण्याची सोय नव्हती. त्याने स्वतः बांधलेली रचना इतरांसाठी कच्चा माल झाली.

२०१९ मध्ये मूळ ध्वनिफितींवरून या अल्बमचे नवे मिश्रण निघाले. त्यात गाण्यांची मूळ बांधणी तशीच राखली आहे. मी तिन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकली. क्वीनचे रूप भारदस्त आहे, नृत्याचे रूप चपळ आहे. पण 'लिव्हिंग ऑन माय ओन'मधले एकटेपण मला मूळ संथ ठेक्यातच जास्त जाणवले. १९८५ च्या श्रोत्याने या अल्बममध्ये क्वीनला शोधले आणि ती सापडली नाही, म्हणून तो निराश झाला. त्याची निराशा खरी होती. पण तो निकाल या अल्बमचा नव्हता, तिथे नसलेल्या तिघांचा होता.