ऊब राखणारे हात

थर्माकोलचे खोके, एक बल्ब, लहानसा पंखा आणि थर्मोस्टॅट. एवढ्या सामानावर घरच्या घरी कोंबडीची किंवा लावा पक्ष्याची अंडी उबवणारे हौशी लोक आता भेटू लागले आहेत. कोंबडीचे पिल्लू साधारण २१ दिवसांनी कवच फोडते, जपानी लाव्याचे १७-१८ दिवसांनी. आपल्याला वाटते, ही सगळी विजेची किमया. पण मंडळी, हे काम दोन हजार वर्षांहून जुने आहे.

आमची अम्मी खुडूक कोंबडी रवणीला बसवायची. टोपलीत भुसा आणि त्यावर अंडी, की अम्मीचे काम संपले. पुढचे सारे कोंबडी पाही. ती चोचीने अंडी फिरवते, म्हणजे आतला जीव कवचाला चिकटत नाही. दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठते, तेवढ्यात अंड्यांना वारा लागतो. माणसाला यंत्रात नेमके हेच उतरवायचे होते.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे, की इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. सिराक्यूजच्या एका मद्यप्याची गंमतही तो सांगतो. हा गृहस्थ चटईखाली अंडी ठेवून, पिल्ले निघेपर्यंत वर बसून पीत राही! ऊब सलग हवी, एवढे त्याला कळले होते म्हणायचे.

इजिप्तमध्ये मात्र याचा पिढीजात धंदा झाला. मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या असत. खालच्या खोलीत हजारो अंडी, वरच्या खोलीत वाळलेल्या शेणाचा आणि काडीकचऱ्याचा मंद विस्तव. साधारण अर्धा काळ सरला की विस्तव विझवत, कारण वाढता जीव स्वतःच उष्णता देऊ लागतो. तापमापक नव्हताच. कारागीर अंडे उचलून पापणीला लावत आणि ऊब जोखत. सन १२००च्या सुमारास बगदादचा वैद्य अब्दुल लतीफ इजिप्तला गेला. त्याने या भट्ट्यांची बारकाईने नोंद केली. त्याच ग्रंथात तिथल्या भीषण दुष्काळाचे अंगावर काटा आणणारे वर्णनही आहे. अन्न कसे निपजते आणि ते नसले की काय होते, दोन्ही एकाच माणसाने पाहिले.

युरोपला हे सहजी जमेना. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. इजिप्तने पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचा अभिमान बाळगावा, असे त्याचे मत. मला ते पटते. त्याच्याकडे स्वतः घडवलेला तापमापक होता, तरी खताच्या उष्णतेवरच्या त्याच्या पहिल्या प्रयोगांत अंड्यांतले जीव मेले. उष्णता बरोबर होती, घात केला तो खताच्या दमट वाफेने. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून ते श्वास घेते.

घरची पेटी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऊब टिकावी म्हणून हवेची भोके बुजवू नयेत. पंखा असेल तर पेटीत सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवणे थांबवावे, ओलावा वाढवावा आणि झाकण उघडू नये. लाव्याची पिल्ले तर इतकी चिमुकली, की उथळ वाटीतही बुडून मरतात. पाण्यात खडे टाकावेत.

विस्तव आपोआप आवरण्याची युक्ती मात्र रेओम्यूरच्याही आधीची. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने ती काढली. भट्टी तापली की नळीतला मद्यार्क फुगे, पारा वर ढकले आणि धुराड्याची झडप मिटे. आपल्या पेटीतला थर्मोस्टॅट याच कुळातला.

१८७८ मध्ये स्तेफान तार्निए हा प्रसूतितज्ज्ञ पॅरिसच्या प्राणिबागेत गेला होता. तिथे कोंबडीची अंडी उबवणारे यंत्र पाहून त्याच्या मनात आले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असेच काही का करू नये? बागेतल्याच ओदील मार्तें यांच्याकडून त्याने गरम पाण्यावर चालणारी पेटी बनवून घेतली. १८८० मध्ये ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात बसली. दोन किलोंहून कमी वजनाच्या शंभर बाळांपैकी पूर्वी ६६ दगावत. पेटी आल्यावर तो आकडा ३८ वर आला.