बाजारगावात जेवावे कुठे?

गेल्या मार्च महिन्यात विदर्भातले काही विद्यार्थी महाडला यायचे होते. चवदार तळे पाहायचे, क्रांतिस्तंभाला अभिवादन करायचे आणि दोन दिवस राहून परतायचे, असा त्यांचा बेत होता. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, "सर, तिकडे जेवायला चांगली ठिकाणे कोणती, तेवढे लिहून कळवा. सगळ्यांच्या खिशाला परवडतील अशी."

मी या भागात इतिहास शिकवतो. कामाच्या निमित्ताने बाहेर जेवणे रोजचेच झाले आहे. तेव्हा यादी करायला बसलो. एस.टी. स्थानकाजवळ सकाळी मिसळ आणि वडा गरम मिळतो. महामार्गाच्या कडेला मच्छीची थाळी बरी असते. तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण कुठे खावे, तेही लिहिले. सहा-सात नावे झाली. बाबा शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "यातल्या किती हाटेलात तू बसून जेवलास?"

मी म्हणालो, "सगळ्यांत."

"मी एकातबी नाय," बाबा म्हणाले. "मी पार्सल बांधून घेतो."

बाबांना आज कोणी अडवत नाही. त्यांच्या खिशात पैसेही असतात. तरुणपणी ते मुंबईला गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले आणि मिळेल ती मजुरी करत राहिले. हॉटेलात ते अजूनही दाराशी उभे राहतात, पुडके घेतात आणि बाहेर पडतात. त्यांना कारण विचारले तर म्हणतात, "सवय नाय." इतिहासाच्या शिक्षकाने या दोन शब्दांपाशी थांबायला हवे होते. मी इतकी वर्षे थांबलो नव्हतो. मग ती यादी बाजूला ठेवली आणि हा लेख लिहायला घेतला.

महाड हे सावित्रीच्या काठचे जुने व्यापारी गाव. खाडीने बंदराशी आणि घाटाने देशाशी जोडलेले. आसपासच्या खेड्यांना मीठमिरचीपासून कापडापर्यंत सगळ्यासाठी इथेच यावे लागे. अस्पृश्यांनाही यावे लागे. बाबासाहेबांनी महाडच्या संग्रामाची हकिकत लिहिताना ही गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. भोवतालच्या खेड्यांतले अस्पृश्य दोन कामांसाठी महाडला येत. एक, बाजारहाट. दुसरे, गावकामगार म्हणून तालुक्याच्या कचेरीत कागद पोचवणे आणि वसुलाची रक्कम भरणे. सार्वजनिक पाणी म्हणजे चवदार तळे. ते त्यांना बंद होते. त्यांच्यासाठीची विहीर त्यांच्या वस्तीत, बाजारापासून दूर.

ही हकिकत आपण पाण्याची म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण ती बाजाराचीही आहे. पहाटे निघालेला माणूस दुपारपर्यंत बाजारात उभा राहतो. त्याला भूक लागते, तहान लागते. सरकारचा वसूल त्याच्या हातून चालतो. व्यापाऱ्याचा माल त्याच्या पैशाने खपतो. मात्र तो कुठे बसेल, काय खाईल, कोणते पाणी पिईल, याचा विचार बाजाराने केलेला नसतो. आमचे आजोबा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर असेच बाजाराला येत. भाकरी फडक्यात बांधलेली असे. ती झाडाखाली बसून खायची आणि पाणी ओळखीच्या मुसलमानाच्या दारात मागायचे. पुढे बाजारात चहाची दुकाने झाली, तेव्हा आमच्यासाठी नारळाची करवंटी बाहेर ठेवलेली असे. तीच उचलायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आणि पिऊन झाल्यावर ती धुऊन जागेवर ठेवायची. आजोबा हे सांगताना चिडत नसत. फक्त इतके म्हणत, "पैसा मात्र पुरा घ्यायचे."

आजोबांच्या या वाक्यात मोठा इतिहास आहे. कारण महाराने दुसऱ्याच्या घरचे खाऊ नये, असे गावाने कधी म्हटले नव्हते. उलट दारोदार फिरून शिळी भाकरी गोळा करणे हा त्याचा 'हक्क' ठरवला होता. कष्टाचा मोबदला म्हणून उष्टे-शिळे द्यायचे आणि त्यालाच मान म्हणायचे, अशी ती व्यवस्था. म्हणजे सवर्णाच्या चुलीवरचे अन्न महाराच्या पोटात गेले तर धर्म बुडत नव्हता. ते अन्न त्याने दाम मोजून, बाकावर बसून, इतरांसारख्याच कपबशीत मागितले, की धर्म बुडत होता. खेड्यात भाकरी वरून खाली पडायची. हॉटेलात ती समोर ठेवावी लागते. गावगाड्याला हे समोरासमोर बसणे नको होते. १९५६ नंतर आमच्या लोकांनी शिळे तुकडे मागणे सोडले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर नीट कळतो. भीक सोडली तेव्हाच बाकावर बसण्याचा दावा पुरता उभा राहिला.

चवदार तळ्याच्या आधीचा एक दुवा आपल्या लेखनात फारसा येत नाही. महाड परिषदेच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांच्या आठवणींत महाडच्या बाजारातल्या एका चहाच्या हॉटेलाची हकिकत येते. हे हॉटेल अस्पृश्यांसाठी होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या आपल्या माणसाला तिथे बसायला जागा मिळे, चहा मिळे, पाणी मिळे. मोरे तिथे बसून लोकांचे अर्ज लिहून देत आणि गाऱ्हाणी ऐकत. वेगवेगळ्या गावची माणसे तिथे एकमेकांना भेटू लागली. आपले दुःख एकट्या गावाचे नाही, हे त्यांना तिथे कळू लागले. परिषद मांडवात भरली, पण तिची माणसे अशा बाकांवर आधीच जमत होती. महाडच्या बाजारातले चांगले जेवणाचे ठिकाण कोणते, असे मला कोणी १९२० च्या दशकात विचारले असते, तर मी या हॉटेलाचे नाव सांगितले असते. तिथला चहा कसा होता ते मला ठाऊक नाही. तिथे आपला माणूस आत बसत होता, एवढे पुरे आहे.

आता २० मार्च १९२७ कडे पाहा. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा तो दुसरा दिवस. परिषदेला आलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे डोळ्यांसमोर, आणि पाणी विकत! त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि शांतपणे मांडवात परतले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठवली गेली आणि जमाव मांडवावर चालून आला. त्या वेळी मांडवात काय चालले होते? लोक जेवत होते. बरेच जण गावी निघून गेले होते, उरलेले घास घेत होते. त्यांना मारले आणि त्यांचे अन्न मातीत कालवले. पुढे तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केल्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मातीत गेलेल्या त्या जेवणाची आठवण मात्र आपण क्वचित काढतो. मारेकऱ्यांना काय खुपले, हे त्यांनी निवडलेल्या जागेवरून दिसते. बाजारगावात अस्पृश्य एकत्र बसून, ताठ मानेने जेवत आहेत, हे दृश्य त्यांना सहन झाले नाही.

कायद्याचा इतिहासही याच अंगाने वाचला पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने होते. सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला, तो याच आधाराने. पण या यादीत हॉटेल नव्हते. हॉटेल खाजगी धंदा. मालकाने कोणाला आत घ्यावे, हा त्याचा प्रश्न, असे तेव्हा गृहीत होते. तळ्याचे भांडण तरी न्यायालयात नेता आले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. करवंटीचे भांडण कुठे नेणार?

ते संविधानाने नेले. अनुच्छेद १५ चा दुसरा भाग विद्यार्थ्यांनी एकदा सावकाश वाचावा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्यासाठी तिथे अट आहे. ते शासनाच्या निधीतून चालणारे किंवा सर्वांच्या वापरासाठी दिलेले असावेत. पण त्याआधीच्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे आहेत, आणि तिथे अशी अट नाही. म्हणजे मालकी खाजगी असली तरी दार सर्वांना उघडे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला असल्याचे स्पष्ट केले होते. जो कोणी आपली सेवा दाम घेऊन देऊ करतो, तो त्यात येतो. अस्पृश्यता नष्ट करणारी तरतूदही त्याच दिवशी संमत झाली. पुढे १९५५ च्या कायद्याने उपाहारगृहात प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. १९७६ मध्ये हा कायदा अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. आजोबांच्या करवंटीची नोंद अशी कायद्याच्या पुस्तकात झाली. भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून ती चाल किती पसरलेली होती ते समजावे.

आज बाजारातल्या हॉटेलांत वेगळा कप दिसत नाही. नोकरीवाला, विद्यार्थी, हमाल, ट्रकचालक एकाच टेबलावर जेवून उठतात. हा बदल लहान नाही आणि तो आपोआप झालेला नाही. पण तो पुरा झाला आहे का?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका घरगुती खानावळीत जेवत असे. पहिला महिना ठीक गेला. मग एका संध्याकाळी गप्पांच्या ओघात गाव विचारले, आडनाव विचारले, गावात घर कोणत्या वाडीत ते विचारले. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला, "ताटे कमी पडतात हो, तुम्ही तुमचा डबा आणत जा." भांडण नाही, शिवी नाही. मी डबा नेला नाही आणि तक्रारही केली नाही. पदवीधर झालो, व्याख्याता झालो, आणि त्या दिवशी बाबांसारखाच दारातून परत फिरलो. हे लिहायला मला इतकी वर्षे लागली.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. कायद्याने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून बसण्याचा अधिकार दिला. आपल्या हातचे कोणी खावे, असा कायदा करता येत नाही. ही अडचण शाहू महाराजांनी ओळखली होती. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. कोल्हापुरात त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. लोक तिकडे फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. १९२२ मध्ये महाराज गेले. ज्याच्या दारात राजा गाडी थांबवील असा गंगाराम प्रत्येक बाजाराला मिळत नाही. आपल्या तालुक्यात आपल्या माणसांच्या नावाच्या पाटीची किती हॉटेले आहेत, हे प्रत्येक वाचकाने मोजून पाहावे. स्वयंपाकघरात भांडी घासणारे हात कोणाचे, गल्ल्यावर बसणारे कोणाचे, हेही पाहावे.

माझी कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना एक सूचना आहे. आपापल्या बाजारगावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. चहा कशात मिळायचा, कुठे बसायचे, पहिल्यांदा आत कोण बसले, तेव्हा काय झाले. ती नावे आणि साले लिहून काढा. तळ्याचा इतिहास लिहिला गेला, बाकाचा लिहायचा राहिला आहे. सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

विद्यार्थ्यांना मी ती यादी शेवटी पाठवली. ते आले, जेवले, खूश होऊन गेले. पण सर्वांत चांगले जेवण त्यांना यादीबाहेरच्या ठिकाणी मिळाले. माझ्या एका विद्यार्थिनीची आई बाजाराच्या कडेला छोटी खानावळ चालवते. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, बोंबलाचे कालवण, एवढेच. चव अशी की बाजाराला आलेला माणूस वाट वाकडी करून येतो. बाबांना मी तिथे घेऊन गेलो, तेव्हा ते प्रथमच आत बाकावर बसले. पार्सल मागितले नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.

या लेखात तुमच्या खानावळीचे नाव लिहितो, असे मी त्या ताईंना म्हणालो. त्यांनी हातातले पीठ झटकले आणि म्हणाल्या, "नको सर. चव लिहा हवी तर. नाव लिवलंत तर आडनाव कळंल, आणि आडनाव कळलं तर निम्मं गिऱ्हाईक तुटंल. पोरीची फी याच्यातूनच जाते."

त्यांच्या दारावर पाटी नाही. म्हणून महाडच्या बाजारातल्या सर्वांत चांगल्या जेवणाच्या जागेचे नाव मी इथे लिहू शकत नाही.