न बोलावलेला बँड : इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाची एक विसरलेली कथा (थ्रेड)

१/ १८ नोव्हेंबर १९९४. अमेरिकेतील डॅलस येथे ‘रोलिंग स्टोन्स’ या विख्यात बँडची मैफल होती आणि तिचा काही भाग इंटरनेटवरून थेट दाखवला जाणार होता. तो सुरू होण्यापूर्वीच त्याच जाळ्यावर दुसरा बँड अवतरला : ‘सिव्हियर टायर डॅमेज’, कॅलिफोर्नियातील संगणकतज्ज्ञांचा. त्यांना कोणी बोलावले नव्हते, अडवलेही नाही. हे कसे घडले?

२/ थेट प्रक्षेपणाची मूळ अडचण साधी आहे. हजार प्रेक्षकांसाठी एकाच सर्व्हरने हजार प्रती पाठवायच्या, तर त्याची वाहिनी तेथेच तुंबते. स्टॅनफर्डमध्ये १९८०च्या दशकात स्टीव्ह डीअरिंग यांनी यावर ‘मल्टिकास्ट’ची पद्धत विकसित केली : उगमाने एकच प्रत पाठवावी, वाट जेथे फुटते तेथील राउटरने तिच्या प्रती काढाव्यात.

३/ परंतु तत्कालीन बहुतेक राउटरना ही रीत अवगत नव्हती. मग विद्यापीठांतील युनिक्स संगणकच मधले टप्पे झाले. मल्टिकास्ट पॅकेट साध्या पॅकेटच्या आवरणात घालून पुढच्या टप्प्याकडे धाडायचे. तेथे आवरण काढून स्थानिक जाळ्यात वाटायचे. या मार्गांना ‘टनेल’ आणि त्यांतून विणलेल्या जाळ्याला ‘एमबोन’ म्हणत.

४/ मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज अशा रीतीने तीन खंडांतील २० ठिकाणी पोहोचला. २४ जून १९९३ रोजी ‘सिव्हियर टायर डॅमेज’ने या जाळ्यावर वादन केले. इंटरनेटवर थेट वाजवणारा पहिला बँड म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

५/ १९९४चे कोडे येथे उलगडते. एमबोनवर प्रक्षेपणासाठी परवाना लागत नसे. मधले टप्पे येईल ते पुढे देत. मात्र साऱ्या जाळ्यासाठी सेकंदाला सुमारे ५०० किलोबिटांची मर्यादा पाळली जाई आणि एक चित्रप्रवाह त्यातील सुमारे १२८ खाई. म्हणजे सारी भिस्त परस्परांच्या संयमावर होती.

६/ व्यापारी इंटरनेटला हा संयम परवडणारा नव्हता. दुसऱ्याच्या प्रवाहाच्या प्रती आपल्या राउटरने का काढाव्यात आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, याचे सर्वमान्य उत्तर मिळाले नाही. सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट रुजला नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाईसारख्या कंपन्यांनी प्रेक्षकांच्या जवळ स्वतःचे सर्व्हर मांडले. तात्पुरता मानलेला ‘मधला टप्पा’ नव्या रूपात कायम झाला.

७/ आज आपण क्रिकेटचा सामना मोबाइलवर पाहतो तो अशाच टप्प्यांमुळे. फरक इतकाच, की आता प्रत्येक टप्प्याला मालक आहे. त्यामुळे चित्र क्वचितच अडखळते. आणि न बोलावता कोणाला वाजवताही येत नाही.